चालू प्रेमकथेचे पुस्तक करावे की रोजचे भाग टाकत राहावे?

जाईचा_मांडव

नमस्कार. गेले सव्वा वर्ष मी एका वाचन-ॲपवर टोपणनावाने कौटुंबिक प्रेमकथा लिहीत आहे. आजवर तिचे १४२ भाग झाले असून प्रत्येक भाग साधारण नऊशे ते हजार शब्दांचा आहे. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत नोकरी करते आणि मिरजेला राहते. घरात सासूबाई, यजमान आणि सातवीतला मुलगा आहे. पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ माझा स्वतःचा असतो. राहिलेले लेखन जाता-येता एसटीत फोनवर होते, आणि बसायला जागा मिळाली नाही तर रात्री स्वयंपाक करताना फोनला तोंडी सांगून लिहून घेते. अशाच एका रात्री ‘नायकाने तिचा हात हातात घेतला’ या वाक्यातल्या पहिल्या हाताचा भात झाला, ते माझ्या नजरेतून सुटले, आणि पुढचे दोन दिवस अभिप्रायांत दुसरा विषय नव्हता.

वाचक प्रेमळ आहेत, पण रोज भाग हवा असतो. दोन दिवस खंड पडला की वाचनसंख्या जवळजवळ निम्म्यावर येते आणि ती पुन्हा वर यायला आठवडा लागतो. त्यामुळे कथा केव्हाच संपायला हवी होती हे कळत असूनही मी एक खलनायिका आणि एक स्मृतिभ्रंश घालून ती लांबवली, हे येथे मान्य करते. आता ती संपवून, नीट संपादित करून ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक म्हणून आणावी असे मनात आहे. त्यातच ध्वनिकथा तयार करणाऱ्या एका कंपनीने सर्व हक्कांसाठी चाळीस हजार रुपये ठोक देऊ केले आहेत. माझ्या दृष्टीने ही रक्कम मोठी आहे.

ज्यांनी स्वतःच्या बळावर प्रेमकादंबऱ्या लिहून प्रकाशित केल्या आहेत त्यांना विचारायचे आहे की भागांचे पुस्तक करताना नेमके काय करावे लागते, ॲपवरचे भाग काढावे लागतात का, आणि या करारावर सही करावी का. आणखी एक शंका आहे. घरी फक्त यजमानांना माझे टोपणनाव ठाऊक आहे. पुस्तक आले, पैसे आले, म्हणजे ते उघड होणारच का?

दौत

ताई, मी सात वर्षांपासून लिहिते आहे आणि किंडलवर माझ्या चार प्रेमकादंबऱ्या आहेत. त्यांतल्या दोन आधी भागांनी आल्या होत्या, त्यामुळे आपण ज्या वळणावर उभ्या आहात तेथून मी दोनदा गेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे १४२ भाग एका फाइलीत चिकटवले की पुस्तक होते, हा समज सोडावा. भागाची रचना वेगळ्या गरजेतून झालेली असते. आरंभी काल काय घडले याची आठवण द्यावी लागते, शेवटी उद्यासाठी काहीतरी अर्धवट ठेवावे लागते, आणि ‘क्रमशः’ च्या आधी दार वाजते, फोन येतो किंवा कोणीतरी चक्कर येऊन पडते. रोज एक भाग वाचणाऱ्याला यात गंमत वाटते. पण तेच एका बैठकीत वाचणाऱ्याला दर चार पानांनी दार वाजताना ऐकू येते आणि तो वैतागतो. माझ्या पहिल्या कादंबरीत सव्वा लाख शब्दांचा मजकूर होता. पुनरावृत्ती, आठवणी आणि केवळ तारीख भरून काढण्यासाठी लिहिलेले प्रसंग वजा केल्यावर अठ्ठ्याहत्तर हजार उरले, आणि त्या अठ्ठ्याहत्तर हजारांतही मला तीन प्रकरणे नव्याने लिहावी लागली, कारण नायकाचे मन नेमके कधी पालटले हे मूळ भागांत कोठेच नव्हते. मी रोज त्याला थोडा थोडा मऊ करत गेले होते, निर्णयाचा क्षण लिहायचाच राहिला होता. लग्नानंतर जुळत जाणाऱ्या प्रेमाच्या कथेत, आणि आपल्याकडे बहुसंख्य वाचकांना तीच हवी असते, हा क्षण चुकला तर बाकी सगळे सजावट ठरते.

म्हणून संपादनापूर्वी प्रत्येक भागासाठी वहीत एक ओळ लिहावी: या भागात दोघांमधल्या नात्यात काय बदलले? ज्या भागासमोर काही लिहिता येत नाही तो भाग काढायचा. खलनायिकेचे बहुतेक भाग याच चाळणीतून खाली पडतील, असा माझा अंदाज आहे.

आता किंडलविषयी. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून येऊ लागली आणि आज स्वतः पुस्तक चढवण्यासाठी एक रुपयाही लागत नाही. मात्र रॉयल्टीचे गणित नीट समजून घ्यावे. तेथे ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन दर आहेत, आणि भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत घालावे लागते (केडीपी म्हणजे किंडलवर स्वतः पुस्तक चढवण्याची सेवा). या योजनेची मुदत ९० दिवसांची असते आणि त्या काळात पुस्तकाचा मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कोठेही उपलब्ध असता कामा नये, मग तो फुकट असला तरीही. म्हणजे ॲपवरचे भाग काढावे लागतील; नमुना म्हणून पुस्तकाचा दहावा हिस्सा तेवढा ठेवता येतो. छापील आवृत्तीला ही अट लागू नाही. ९० दिवस संपल्यावर नोंदणी आपोआप पुढे चालू राहते, म्हणून नको असेल तर आपोआप नूतनीकरणाची खूण आठवणीने काढावी. मी विसरले होते आणि आणखी तीन महिने अडकले.

या योजनेतली पुस्तके ‘किंडल अनलिमिटेड’ च्या वर्गणीदारांना वाचता येतात आणि त्याचे पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. एका वाचकाने एक पान पहिल्यांदा वाचले की ते मोजले जाते, दुसऱ्यांदा वाचले तर नाही. पानामागे मिळणारा दर ॲमेझॉनने त्या महिन्यासाठी ठेवलेल्या निधीनुसार बदलतो. माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग विक्रीतून येत नाही, या पानांतूनच येतो, आणि म्हणूनच चाळिसाव्या पानावर वाचक पुस्तक सोडून गेला तर त्याची किंमत मला रुपयांत कळते. महिन्याचे पैसे हातात यायला सुमारे दोन महिने लागतात. ही मिळकत नोकरी सोडण्याइतकी आहे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. चार पुस्तकांनंतरही नाही.

टोपणनावाची काळजी करू नये. खाते, पॅन आणि बँक खऱ्या नावाने असते. मुखपृष्ठावर टोपणनावच छापले जाते.

कलमदान

करारापुरते लिहितो. मी अनुवादक आहे. हक्कांचे कागद न वाचता सही केल्याचा फटका एकदा बसल्यामुळे हा कायदा मला नाइलाजाने शिकावा लागला. शेवटचा सल्ला मात्र वकिलाचाच घ्यावा.

‘सर्व हक्क’ हे शब्द दिसले की थांबावे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या, कलम १९ नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत, आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी व कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात स्पष्ट असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कंपन्यांना हे ठाऊक असते, म्हणूनच त्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द आवर्जून असतात. कायद्याने लेखकाला दिलेले संरक्षण त्या दोन शब्दांनी निघून जाते. त्याच कलमात असेही आहे की हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळे काही नसल्यास, हस्तांतरण संपुष्टात येते. त्यामुळे ‘न वापरल्यास हक्क परत येणार नाहीत’ अशा अर्थाचे वाक्य कोठे दडले आहे का, हेही शोधावे.

ध्वनिकथेसाठी कंपनीला फक्त मराठी ध्वनिरूपाचा हक्क लागतो. पुस्तक, अनुवाद, चित्रपट, वेबमालिका आणि याच पात्रांवर पुढे लिहायची कथा हे सगळे त्यात कशासाठी? शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण भागांनी लिहिणाऱ्या लेखिका नायकाच्या धाकट्या भावाचे दुसरे पर्व हमखास काढतात, आणि पात्रांवरचा हक्क दिलेला असेल तर स्वतःच्याच धाकट्या दिरासाठी परवानगी मागायची वेळ येते.

चाळीस हजार थोडे की फार, हे मी सांगणार नाही. तीन ते पाच वर्षे, केवळ मराठी ध्वनिरूप आणि श्रेयात आपले टोपणनाव, अशा अटींवर ते चांगले आहेत. सगळ्याच्या बदल्यात कायमचे, या अटीवर नाहीत. हक्क दिल्यानंतरही आपण लेखिका असल्याचे सांगण्याचा विशेष अधिकार कलम ५७ नुसार आपल्याकडेच राहतो, पण तो बजावण्यासाठी टोपणनाव आपलेच आहे हे दाखवता आले पाहिजे. ॲपच्या खात्याचे जुने ईमेल, मसुद्यांच्या तारखा, हे सर्व जपून ठेवावे. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचे संरक्षण प्रकाशनापासून ६० वर्षे असते. त्या काळात लेखकाची ओळख जाहीर झाली तर ते हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे होते. म्हणजे सासूबाईंना आत्ता सांगण्याची घाई नाही.

पुढचा_भाग_कधी

मी लेखिका नाही, वाचक आहे. दौत यांचे म्हणणे पुस्तकापुरते पटले, तरी भागांना इतके कमी लेखू नये असे वाटते. रात्रपाळी संपवून लोकलमध्ये बसल्यावर मी जो भाग उघडते तो कादंबरीचा तुकडा आहे की नाही याने मला फरक पडत नाही. त्या बारा मिनिटांत तो पूर्ण असावा लागतो. खलनायिका मलाही नको होती, पण ती काढताना नायिकेच्या आईचा भाजी निवडतानाचा प्रसंग जाणार असेल तर तो ठेवावा, ही विनंती. आणि मालिका बंद करायची असेल तर आधी सांगावे. कोणतीही सूचना न देता ज्यांच्या कथा अर्ध्यावर थांबल्या त्या लेखिकांचे पुढचे काहीही मी वाचलेले नाही.

जुनी_वही

छापील प्रतींचा अनुभव थोडक्यात सांगतो. मी २०१९ मध्ये स्वतःच्या कादंबरीच्या पाचशे प्रती छापल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळाला, मुद्रितशोधनासाठी पैसे मोजले आणि ते सार्थकी लागले, मुखपृष्ठासाठी मोजले आणि ते लागले नाहीत. दोनशे दहा प्रती आजही पलंगाखाली आहेत. आपण छापणार असाल तर शंभरापासून सुरुवात करावी.

खरे तर मला लिहायचे आहे ते वेगळेच. आपण ‘मान्य करते’ असे ज्या संकोचाने लिहिले आहे, तो संकोच प्रेमकथा लिहिणाऱ्यांमध्ये मला नेहमी आढळतो आणि तो जुना नाही. ना. सी. फडके यांनी आयुष्यभर प्रामुख्याने प्रेमकथाच लिहिल्या आणि १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण ते लेखकच नाहीत असे कोणी म्हणाले नाही. पुढे खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांनी याच प्रकारच्या कादंबऱ्यांवर दिवस काढले. दुसरीकडे चंद्रकांत काकोडकरांची १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातली एक कथा अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवेपर्यंत ते प्रकरण चालले. एका कथेसाठी सात वर्षे. आज सहसा कोणी कोर्टात खेचत नाही, पण ‘घरातल्यांना कळले तर’ ही धास्ती मात्र खटल्याइतकीच लांबते, आणि तिचा परिणाम कथेवर दिसतो: दोघे जवळ आले की नेमका दिवा जातो, किंवा प्रकरण संपते. लिहिणारीला जे लिहायचे नाही ते तिने लिहू नये. पण तिने ते आपल्या इच्छेने टाळले की सासूबाईंच्या भीतीने, हे चांगल्या वाचकाला ओळखू येते.

जाईचा_मांडव

सर्वांचे मनापासून आभार. करार पुन्हा वाचला. कलमदान यांनी सांगितलेले दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत, आणि ‘पात्रे व त्यांवर आधारित पुढील सर्व कृती’ हेही आहे. केवळ मराठी ध्वनिरूप आणि पाच वर्षे, असे सुचवून मी कंपनीला उत्तर पाठवले. त्यांनी चार दिवसांनी ‘विचार करून कळवतो’ असे लिहिले असून त्यानंतर काही आलेले नाही.

ॲपवर सूचना लावली आहे की कथा १५० व्या भागात संपेल आणि ती तेथे महिनाभर राहील. वाचनसंख्या घसरली, अपेक्षेइतकी नाही. भाजी निवडण्याचा प्रसंग ठेवत आहे. जुनी_वही यांनी दिव्याविषयी लिहिले ते वाचून जुने भाग तपासले, तेव्हा माझ्याकडे दिवा सहा वेळा गेल्याचे आढळले. त्यांतले दोन प्रसंग नव्याने लिहायला घेतले आहेत आणि ते एसटीत लिहिता येत नाहीत, म्हणून सध्या ते पहाटेवर ढकलले आहेत.

दौत यांनी सांगितलेली वही काल पूर्ण झाली. १४२ पैकी ६१ भागांसमोर ओळ लिहिता आली नाही. शिवाय नायकाची आत्या २३ व्या भागात वारली होती आणि ८८ व्या भागात तिने सगळ्यांना चहा दिला आहे. सव्वा वर्षात एकाही वाचकाने हे सांगितले नाही. तिला जिवंत ठेवावे की चहा दुसऱ्या कोणाला करायला लावावा, हे अजून ठरलेले नाही.