मेकॅनिकलच्या पोरांनी जावाचा क्लास लावायचाच का?

मेंटेनन्सवाला
मत सरळ मांडतो, मग ज्याला जे म्हणायचंय ते म्हणा. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रॉडक्शन करून बाहेर पडलेल्या मुलाने निकाल लागल्या लागल्या पुण्यात कॉट बेसिसवर जागा बघायची आणि चाळीस-पन्नास हजार भरून 'जावा फुल स्टॅक'च्या कोडिंग क्लासला बसायचं, हा आज नोकरी शोधण्याचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी खात्रीचा मार्ग आहे.

एके काळी तो चालत होता, नाही म्हणत नाही. मोठ्या आयटी कंपन्या कॉलेजांतून शाखा न बघता पोरं उचलायच्या आणि शिकवायचं काम स्वतः करायच्या. आता टीसीएससारखी कंपनी जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसं कमी करणार म्हणून जाहीर करते. ती बहुतांशी मधल्या आणि वरच्या फळीतली, मान्य. पण तीच माणसं बाजारात उतरली की रिकाम्या जागेसाठी फ्रेशरशी कोण बोलणार? शिवाय नव्या पोराला पहिलं वर्षभर जी कामं मिळायची, म्हणजे किरकोळ बग, टेस्ट केस, एखादा फॉर्म, तीच कामं कोपायलटसारख्या कोड लिहिणाऱ्या एआय साधनांच्या पोटात चालली आहेत.

इकडे चाकण, तळेगाव, रांजणगावला लाइनवर रोबो उभे आहेत. रात्री दोनला लाइन थांबते. सेन्सर गेला, मोटरचा ड्राइव्ह ट्रिप झाला, की पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) प्रोग्रॅममधला एखादा इंटरलॉक (सुरक्षेची अट) अडला, हे लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात सांगणारा माणूस शोधायला आम्हाला महिनोन्महिने लागतात. हे टेक्नॉलॉजीचं काम नाही का? लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), एचएमआय (मशीनची ऑपरेटर स्क्रीन), मॉडबस-प्रॉफिनेट या मशीनच्या नेटवर्कची जुजबी ओळख आणि मशीनचा डेटा बाहेर काढण्यापुरतं पायथन आणि एसक्यूएल. एवढ्यावर दार उघडतं. कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खरा पीएलसी नसतानाही प्रोग्रॅम चालवून बघता येतो. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या तशाच सॉफ्टवेअरची २१ दिवसांची ट्रायल मिळते.

शिरायचं कसं? एक तर अप्रेंटिस म्हणून. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. नाही तर भोसरीत कंट्रोल पॅनेल आणि एसपीएम (एकाच कामासाठीची खास मशीन) बनवणाऱ्या वीस-तीस माणसांच्या कंपन्या आहेत, तिथे. त्यांच्या जागा नोकरीच्या पोर्टलवर फारशा दिसतच नाहीत. पोरं मात्र मोबाइलवर रोज 'अप्लाय' दाबत बसतात.

खराडीकर
आकडे अर्धवट देऊ नका. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला किमान स्टायपेंड ९,००० रुपये ठरवला. त्यात खोली, मेस आणि चाकणचा प्रवास बसवून दाखवा. वर्ष संपलं की सर्टिफिकेट हातात देऊन 'ऑल द बेस्ट', आणि दुसऱ्या दिवशी नवी बॅच गेटवर. आमच्या कॉलेजच्या पोरांना अप्रेंटिसच्या नावाखाली वर्षभर पॅकिंगला उभं केलेलं मी पाहिलंय. स्वस्त ऑपरेटर हवा असतो, बाकी काही नाही.

मी स्वतः मेकॅनिकल. क्लास लावला, तीन-साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागलो, दोनदा कंपनी बदलली. आज माझा पगार आणि माझ्याच बाकावर बसणाऱ्या, चाकणमध्ये राहिलेल्या मित्राचा पगार शेजारी ठेवला तर तो गप्प बसतो. सुरुवातीचा पगार सगळीकडे रडकाच आहे हो, पाचव्या वर्षी काय होतं ते बघा. आयटीत खाली पडलात तरी वर चढायला शिडी आहे. शॉपफ्लोअरवर साहेब रिटायर होईपर्यंत वाट बघायची.

मेंटेनन्सवाला
@खराडीकर, पॅकिंगला उभं करतात हे खरं आहे, म्हणून जॉइन व्हायच्या आधी विचारायचं: खातं कुठलं, रिपोर्ट कोणाला करायचा, पीएलसीला हात लावायला मिळणार का. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढची कंपनी. आणि स्टायपेंडची ती किमान मर्यादा आहे, त्यापेक्षा जास्त देणारे आहेत.

पाचव्या वर्षाचं म्हणाल, तर तुम्ही तुमच्या वेळची शिडी दाखवताय. आज निकाल लागलेल्या पोराला तिची पहिली पायरी कुठे आहे ते सांगा.

लातूर_ते_वाकड
तो 'आज निकाल लागलेला' नाही, पण २०२४ चा पासआउट आहे मी. मेकॅनिकलच. दोन्ही दादांना नमस्कार. तुम्ही दोघं गेटच्या आत उभं राहून भांडताय, मी बाहेर आहे, म्हणून बाहेरून कसं दिसतं ते सांगतो.

ऑफ-कॅम्पस ड्राइव्हची जाहिरात येते, त्यात 'फक्त २०२५ बॅच'. दुसरी येते, 'दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के'. मला बारावीला ५८. झालं. क्लास पूर्ण केला, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले होते, प्लेसमेंट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज टाकलेल्या जाहिराती. आता तेच सर म्हणतात की सीव्हीवर दोन वर्षांचा अनुभव टाक, पेपर आम्ही करून देतो, त्याचे वेगळे पैसे. बॅचमधल्या बऱ्याच जणांनी केलंय. घरी वाटतं पोरगा पुण्यात आहे म्हणजे काहीतरी चाललंय.

भरती_डेस्क
@लातूर_ते_वाकड, ते पेपर घेऊ नकोस. नीती वगैरे बाजूला ठेव, व्यवहार म्हणून सांगते, अकरा-बारा वर्षं हेच काम करते आहे. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले यूएएनवरून (पीएफच्या कायमच्या नंबरवरून) पीएफचा इतिहास बघतात, २६एएस (कापलेल्या टॅक्सचा उतारा) मागतात. दोन वर्षं नोकरी केली आणि पीएफ नाही, टीडीएस नाही, पगार बँकेत नाही, असं कसं? कागदावर असलेली कंपनी पत्त्यावर नसते. जॉइन होऊन चार महिन्यांनी काढलेली मुलं मी बघितली आहेत. त्यानंतर ते चार महिनेही सीव्हीवर लिहिता येत नाहीत.

आता 'एटीएस (भरतीचं सॉफ्टवेअर) सीव्ही फेकून देतं' ही अफवा. आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा मशीन काही फेकत नाही. ते फक्त माहिती वाचून रकान्यांत भरतं, आणि दोन कॉलम, टेबल, फोटो, स्किलचे रंगीत पट्टे असले की ती भलत्याच रकान्यात पडते. नंतर मी शब्द टाकून शोधते: कौशल्य, शहर, पासिंग इयर, नोटीस पिरियड. तू त्या शोधात आलास तर तुझा सीव्ही उघडेल, नाही तर नाही. म्हणून एका पानाचा साधा सीव्ही, जाहिरातीत जो शब्द आहे तोच शब्द. पोर्टलवरचं प्रोफाइल दर आठवड्याला उघडून थोडं बदलत जा, कारण आम्ही अलीकडे हललेली प्रोफाइल आधी बघतो.

रेफरलसाठी लिंक्डइनवर लोक मला लिहितात, "मॅम, एनी ओपनिंग?" मी काय करू त्याचं? त्याऐवजी लिहा: "अमुक जॉब आयडी पाहिला. त्यात मागितलेल्यापैकी या दोन गोष्टी मी केल्या आहेत, ही लिंक. योग्य वाटलं तर रेफर कराल का?" मला पुढे ढकलायला तीस सेकंद लागतात.

आणि चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली कव्हर लेटर! सगळी एकाच गिरणीतून दळून आणल्यासारखी. एआय वापरलं म्हणून कोणी नाकारत नाही, आमची टीम दिवसभर तेच वापरते. पण आता प्रत्यक्ष बोलावतात, तुझाच प्रोजेक्ट उघडतात आणि विचारतात, ही अट काढली तर काय होईल? तिथे अर्धी मुलं गप्प बसतात.

मेंटेनन्सवाला
टाळ्या. आमच्याकडेही तेच. प्रोग्रॅम दाखवतो आणि म्हणतो, इमर्जन्सी स्टॉप दाबला, मोटर थांबली, बटण सोडलं, मोटर आपोआप सुरू झाली. बरोबर की चूक? यावर जो म्हणतो "सर, रीसेट दिल्याशिवाय सुरू व्हायला नको, कोणाचा तरी हात जाईल", तो आत.

रिकामटेकडा
एमपीएससी करा. पाच वर्षं कोणी काही विचारत नाही.

तीन_शिफ्ट_नको
मूळ धाग्यात 'पोरं, पोरं' चाललंय, त्यात मुली कुठे आहेत? मी इन्स्ट्रुमेंटेशनची. ऑटोमेशनमध्येच नोकरी शोधत होते. इंटरव्ह्यू चांगला व्हायचा आणि शेवटी प्रश्न यायचा: साइटवर जाल का, नाइट कराल का, घरचे सोडतील का? मी हो म्हटलं तरी समोरच्याचं ठरलेलं असायचं. कमिशनिंगला (नवी मशीन साइटवर सुरू करून द्यायला) गेलं तर पंधरा-पंधरा दिवस बाहेर, मुक्काम मिळेल तिथे. रांजणगावच्या दुसऱ्या शिफ्टहून रात्री परत यायला कंपनीची बस नसेल तर काय? शेवटी मीही डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकून बाणेरच्या ऑफिसात आले, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. रात्री दोनला लाइन थांबते याचा अभिमान पुरुषांनी बाळगावा खुशाल.

मेंटेनन्सवाला
बसचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण आमच्या प्लँटमध्ये मुली आहेत, चांगलं काम करतात.

पॅनेलवाली
"आमच्याकडे मुली आहेत" हे उत्तर नव्हे, साहेब. @तीन_शिफ्ट_नको यांच्याशी सहमत, एक भर घालून. साइट न करताही या क्षेत्रात कामं आहेत: ई-प्लॅन सॉफ्टवेअरवर वायरिंगची ड्रॉइंग, स्काडाच्या (प्लँटवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) स्क्रीन, ऑफलाइन प्रोग्रॅमिंग. मी तेच करते. फक्त साइट न केलेल्या माणसाला (बाई असो वा पुरुष) पगारवाढीच्या वेळी मागे ठेवतात, हेही सांगून टाकते.

खराडीकर
म्हणजे शेवटी ऑफिसच. तेच म्हणतोय मी. आणि आयटीचीच इच्छा असेल तर गल्लीतल्या क्लासपेक्षा सीडॅक या सरकारी संस्थेची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्या, तिथला पीजी-डॅक हा सॉफ्टवेअरचा डिप्लोमा सहा महिन्यांचा आहे. फी लाखाच्या घरात जाते, पण प्रवेश परीक्षेमुळे निदान गाळणी लागते आणि कंपन्या येतात. सेंटर बघून घ्या, सगळी सारखी नाहीत. परवडत नसेल तर एनपीटीईएल (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) फुकट आहे, परीक्षा द्यायचीच असेल तर हजार रुपये.

सरकारी_वाटेवर
मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना कोणीच काढली नाही? २०२४ ला सुरू झाली तेव्हा सहा महिने, पदवीधराला महिना दहा हजार. मी पंचायत समितीत केलं. काम काय? डेटा एंट्री. मुदत संपली की घरी. कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींनी मोर्चे काढले, मीही गेलो होतो. त्या सहा महिन्यांचं सीव्हीवर काय लिहू, हे भरती_डेस्क ताईंनी सांगावं.

भरती_डेस्क
किती नोंदी, कोणत्या प्रणालीत, आणि तुझ्यामुळे कुठला घोळ कमी झाला, तेवढंच लिही. 'शासकीय अनुभव' असं मोघम लिहू नकोस.

लातूर_ते_वाकड
ते पेपर घेत नाही, ठरलं. @मेंटेनन्सवाला दादा, कोडेसिस काल उतरवून घेतलं. प्रोजेक्ट म्हणून नक्की काय करू? यूट्यूबवर सगळीकडे ट्रॅफिक सिग्नलच आहे.

मेंटेनन्सवाला
ट्रॅफिक सिग्नल नको, तो सगळेच आणतात. दोन टाक्या घे. एकीतून दुसरीत पाणी, पंप दोन, एक चालू आणि एक राखीव. पंप अडकला तर दुसरा लागला पाहिजे, अलार्म आला पाहिजे, रीसेट दिल्याशिवाय पहिला परत येता कामा नये. एचएमआयची एकच स्क्रीन कर. कोडेसिसचा कंट्रोल विन (कॉम्प्युटरवरच चालणारा पीएलसी) लायसन्सशिवाय दोन तास चालतो, मग पुन्हा सुरू करायचा, शिकायला पुरतो. त्यातून ओपीसी यूएवरून (मशीनचा डेटा बाहेर देणाऱ्या प्रोटोकॉलवरून) पायथनने लेव्हल वाच आणि डेटाबेसमध्ये टाक. तुझा जावाचा क्लास इथे वाया जाणार नाही, एसक्यूएल तरी आलं असेलच. बारावीचे ५८ भोसरीत कोणी विचारणार नाही. झालं की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, दोन-तीन पॅनेलवाल्यांशी बोलतो.

खराडीकर
करू दे, चांगलं आहे. पण ते पॅनेलवाले पेरोलवर घेणार की कंत्राटदाराच्या नावावर, पीएफ कापणार की रोखीत देणार, हे पहिल्याच भेटीत विचार रे. दोन वर्षांनी भरती_डेस्क ताई तुझाही यूएएन उघडणार आहेत.