मदत हवी आहे: जैसलमेरचा पिवळा दगड फोटोत पांढरा का पडतो?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापुरातला. गेल्या दिवाळीत जोधपूरच्या गाडीनं घरच्यांबरोबर जैसलमेरला जाऊन आलो. दोन दिवसांत सहाशेवर फोटो. हौसेनं आमच्या गल्लीतल्या मारवाडी हार्डवेअरवाल्या काकांना दाखवले, त्यांचं मूळ गाव तिकडचंच. चष्मा कपाळावर सरकवून चार-पाच फोटो बघितले आणि म्हणाले, "हे कुठलं रे? चुना मारल्यासारखं दिसालंय." लाज वाटली, खरं त्यांचं बरोबर होतं.

कॅमेरा निकॉन डी ५६००, १८-५५ किट लेन्स, सगळं ऑटोवर, जेपेगमध्ये. त्रास पटवा हवेलीपाशी जास्त झाला. मागं सरकायला जागा नाही. वरचे झरोके पांढरेफट्ट, खालचे ओटे काळेकुट्ट, आणि कॅमेरा वर केला की हवेली मागं कलंडल्यासारखी. जानेवारीत परत जायचंय, एकटाच, चार दिवस. नवीन लेन्सला पैसे नाहीत, तेवढं सोडून सांगा.

आणखी एक. किल्ल्यात लोक राहतात. एक आजी ओट्यावर पापड वाळत घालत होत्या, मी न विचारताच क्लिक केलं. त्यांनी पदर ओढला, एक शब्द न बोलता पापडांची चादर गोळा केली आणि दार लावून घेतलं. तो फोटो पुसून टाकला, पण आजी डोक्यातनं जाईनात. अशा ठिकाणी तुम्ही काय करता?

निपाणीकर
तुमचा हात कुठं बसलाय ते कळलं. आपल्याकडं सगळा सराव काळ्या दगडावर. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्तीच घ्या, १२०४ सालचं जैन मंदिर, आत अंधार, दगड काळसर. तिथं उजेड वाढवावाच लागतो. जैसलमेरला उलटं. फ्रेममध्ये सावलीतली गल्ली जास्त असली की कॅमेरा तिच्यासाठी उजेड वाढवतो आणि उन्हातली भिंत जळते. उन्हातल्या दगडावर स्पॉट मीटरिंग करा, म्हणजे कॅमेरा तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजतो, सावली काळी पडली तर पडू दे. जेपेगऐवजी रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत काढलंत तर ती नंतर वर उचलता येते. जळालेला पांढरा परत येत नाही.

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं आपोआप रंग जुळवणं, पहिला बंद करा. त्याला पिवळं दिसलं की तो ते 'दुरुस्त' करायला जातो. डेलाइटवर ठेवा.

लोक सूर्योदय-सूर्यास्त म्हणून जीव टाकतात. किल्ल्याच्या बाहेरून ते ठीक: सकाळी गडीसर तलाव, संध्याकाळी व्यास छत्री. पण अरुंद गल्लीत तिरकं ऊन पोचतच नाही. मला तिथं खरा उजेड दहा-अकराला मिळाला. एका भिंतीवर ऊन पडतं आणि तिथनं उसळून समोरच्या सावलीतल्या भिंतीवर येतं. ती सावली निळी नसते, मधासारखी असते. ऊन पडलेल्या भिंतीकडं पाठ करायची आणि सावलीतलं कोरीवकाम टिपायचं.

पूर्ण हवेली एका फ्रेममध्ये धरायचा हट्ट सोडा. लेन्स ५५ वर झूम करून एकेक झरोका घ्या. नथमल हवेलीत दोन भावांनी दोन बाजू कोरल्या असं सांगतात. डावी-उजवी तंतोतंत जुळत नाही, ते शोधण्यात अर्धा दिवस जातो. कलंडणं टाळायचं तर कॅमेरा सरळ धरून उभे तीन फोटो काढा आणि घरी जोडा.

जानेवारीत तिकडं साडेसातच्या आसपास उजाडतं, आपल्यापेक्षा अर्धा तास उशिरा. गजर तसा लावा. धुळीत लेन्स बदलू नका. एकच आहे म्हणताय, सुटलात.

खानापूरची ताई
आजींचं उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे. उद्या कोणी कंग्राळ गल्लीत येऊन आपल्या आईचा कुरडया घालताना न विचारता फोटो काढला तर? मी पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवते. चहाच्या एकाच टपरीवर दोनदा जाते. तिसऱ्या वेळी लोकच विचारतात, "फोटो काढणार काय?"

माणसं नकोच असतील तर भिंती बघा. किल्ल्यात घराच्या बाहेर लग्नाची पत्रिकाच रंगवतात: गणपती, नवरा-नवरीचं नाव, तारीख. जुन्या तारखा उन्हानं फिक्या झालेल्या, शेजारी यंदाची ताजी. मी तासभर तेच काढत बसले होते.

कॅमेऱ्याचा पट्टा चामड्याचा असेल तर घरीच बदला. किल्ल्यातल्या जैन मंदिरांत चामडं चालत नाही, माझी दारातच धांदल उडाली होती.

शहापूरकर
पट्टा चामड्याचाच होता की वो! आजच कापडी घेतला. निपाणीकर, काल दहा वाजता आमच्या गल्लीत तो उसळलेला उजेड शोधला. समोर हिरव्या ऑइलपेंटचं घर, सगळे चेहरे हिरवे आले. म्हणजे तत्त्व कळलं म्हणायचं.

काकांकडनं 'फोटो काढू का' हे मारवाडीत शिकालोय. माझा उच्चार ऐकून दुकानातला पोरगा हसालाय. रॉ च्या फाइली मोबाइलवर उघडतात काय, की लॅपटॉपच पाहिजे?