चेक, चेक्स आणि आजीचा शह

मागच्या आठवड्यात बाबांचा चेक बँकेतून परत आला, सही जुळत नाही म्हणून. काउंटरवरच्या मुलाशी पंधरा मिनिटं हिंदीत वाद घातल्यावर कळलं की तो पण मराठीच (इंदूरात हे नेहमीचंच), मग एकदम सूर बदलून म्हणाला, "काका, चेक देण्याआधी जरा चेक करत जा ना." बाबा म्हणाले, "अरे चेक चेक करूनच दिला होता!" आणि मी मागे चेक्सचा शर्ट घालून उभा. घरी येईपर्यंत डोक्यात तेच, हे तीन चेक एकच आहेत का तीन वेगळे?

तर मंडळी, एकच आहेत, आणि तिघांचं मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे. फारसीत राजा म्हणजे शाह, आणि समोरच्याच्या राजावर चाल केली की "शाह!" म्हणून सांगायचं. हा शब्द अरबीतून युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीने पुढचा ए खाऊन टाकून चेक केला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून चेस, म्हणजे इंग्रजीत खेळाचं नावच एका अर्थी 'शह-शह' आहे. चेकमेट म्हणजे सरळसरळ शाह मात. आपल्याकडे तोच फारसी शब्द मधे कुठे न थांबता आला आणि शह झाला. शह-काटशह म्हणताना आपण जे बोलतो आणि बँकेत जे भरतो ते सख्खे चुलतभाऊ आहेत, एक फक्त फ्रान्समार्गे आला.

आता अर्थ कसा सरकला बघा. शह बसला की तुमची बाकीची सगळी कारस्थानं बाजूला, आधी राजा वाचवा. त्यावरून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. आवर घालायचा तर नजर ठेवायला पाहिजे, म्हणून मग तपासणं. आपला चेकनाका घ्या ना, तिथे गाडी अडवतात पण आणि तपासतात पण, दोन्ही अर्थ एकाच बांबूला लटकलेत. पुढे १८व्या शतकात इंग्लंडात पैशाच्या कागदाची जी अर्धी बाजू पडताळणीसाठी ठेवून घ्यायचे (आपण काउंटरफॉईल म्हणतो ती), तिला चेक म्हणायला लागले आणि हळूहळू ते नाव आख्ख्या कागदालाच चिकटलं. म्हणजे खोटं पकडण्यासाठीच त्याचा जन्म, तेव्हा बाबांची सही पकडली गेली हे शब्दाला धरूनच झालं म्हणायचं. अमेरिकेत तर हॉटेलातल्या बिलाला पण चेक म्हणतात.

शर्टाचं सोपं आहे, पटावरच्या घरांवरून. आमची आजी मात्र चेक्स कधी म्हणायची नाही, चौकडा म्हणायची, महेश्वरी साडी घेताना पण दुकानदाराला "चौकडेवाली दिखाओ".

पण मला सगळ्यात भारी वाटला तो राजाचा हिशोब. १२व्या शतकात इंग्लंडात सरकारी वसुलीचा हिशोब एका मोठ्या टेबलावर व्हायचा, १० फूट लांब, ५ फूट रुंद, वर काळं कापड आणि त्यावर रेघा. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, आणि त्यात सोंगट्या मांडून बेरीज वजाबाकी. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला त्या त्या भागाचा वसुली करणारा शेरीफ, घाम पुसत बसलेला. त्या काळच्या खजिनदारानेच लिहून ठेवलंय की हे बुद्धिबळासारखंच आहे, लढाई या दोघांत चालते. पटासारखं दिसतं म्हणून त्या टेबलाचं आणि मग खात्याचंच नाव पडलं एक्सचेकर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदात ते अजून आहे, आणि ब्रिटिश लोक बँकेच्या चेकच्या स्पेलिंगमधे क्यू घालतात ते पण याच एक्सचेकरच्या नादाने.

कोणी म्हणेल, मग चेक प्रजासत्ताक पण यातूनच आलं का? तर त्याचा काही संबंध नाही, ते तिथल्या लोकांचं नाव आहे. आणि जे म्हणतायत की परकीय चेक सोडा, धनादेश म्हणा, त्यांना एवढंच की शाह हा शब्द जुन्या इराणी भाषेत 'क्षायथिय' होता आणि त्याचं नातं आपल्या क्षत्रशी आहे. फार परका नाहीये हो तो.

आता खास इथली गंमत. मराठीत शह पुल्लिंगी, शह 'दिला' म्हणजे अडवलं. हिंदीत शह 'दी', स्त्रीलिंगी, पटावर अर्थ तोच पण बाहेर एकदम उलटा, चिथावणी देणं, पाठीशी घालणं. हिंदी शब्दकोशात पतंगाला हळूहळू मांजा सोडत पुढे नेणं यालाही शह म्हटलंय, त्यावरून थोडा अंदाज येतो. आम्ही दोन्ही भाषा रोज वापरतो त्यामुळे "त्याला शह कोण देतंय?" असं कुणी म्हणालं की आधी बघावं लागतं बोलणारा कुठल्या भाषेत विचार करतोय.

आजी साताऱ्याची, लग्न होऊन इंदूरला आलेली, हिंदी तिची शेवटपर्यंत आपलीच. मी लहानपणी शेजारच्यांची खिडकी बॉलने फोडली तेव्हा त्या बाई तणतणत आल्या, "माताजी, आप ही इसको शह देती हैं!" आजीला वाटलं कौतुक चाललंय. पदर सावरून ठसक्यात म्हणाली, "हां तो! मैं नहीं देगी तो कौन देगा? रोज देती हूँ, सुबह-शाम."

त्या बाई दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.