बॅकएंडमध्ये क्रडच्या पुढे जायचंय: आधी काय धरू?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. जावा, स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतो. तिकीट आलं की एंडपॉइंट लिहिणं, टेबल वाढवणं, टेस्ट लिहिणं, थोडक्यात क्रड (नोंदी टाकणं, वाचणं, बदलणं, पुसणं), इथवर हात बसलाय. आता सीनियर पदाची तयारी करायची आहे. समोर यादी लांबलचक: मायक्रोसर्व्हिसेस, काफ्का (सर्व्हिसमध्ये मेसेज पोचवणारी यंत्रणा), कुबरनेटीस (सर्व्हिसच्या प्रती चालवणारी यंत्रणा), गो भाषा, सिस्टिम डिझाइन. कामानंतर रोज तासभर मिळतो, त्यात सगळं बसणार नाही. कशापासून सुरुवात करू? शिवाय प्रमोशनच्या वेळी 'स्कोप कमी पडतो' असं सांगतात. त्याचा व्यवहारात अर्थ काय लावायचा?

अनुक्रमणिका
यादीतलं काहीही उघडण्याआधी, रोज वापरता तो डेटाबेस नीट समजून घ्या. बॅकएंडची निम्मी दुखणी तिथेच असतात आणि ओआरएममुळे (जावा ऑब्जेक्टवरून क्वेरी आपोआप बनवणारा थर, उदा. हायबरनेट) ती दिसत नाहीत.

पहिलं काम: लोकल मशीनवर एसक्यूएल लॉगिंग चालू करा आणि एका रिक्वेस्टमागे किती क्वेरी जातात ते मोजा. 50 ऑर्डरच्या यादीला 51 क्वेरी दिसल्या तर तो 'एन प्लस वन': यादीची एक आणि प्रत्येक ऑर्डरमागे एक. जॉइन फेच (जोडलेला डेटाही त्याच क्वेरीत आणणं) लावून सुटतो, पण जपून: कलेक्शनवर जॉइन फेच आणि सोबत पेजिनेशन असेल तर हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथे पानं पाडतं. लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग येते, ती कोणी वाचत नाही. अशा वेळी आधी पानापुरते आयडी काढा, मग त्या आयडींसाठी दुसरी क्वेरी करा.

दुसरं: जनरेट सीरीज वापरून 10 लाख ओळींचं टेबल बनवा आणि त्यावर एक्स्प्लेन ॲनलाइझ (क्वेरी कशी चालली तो प्लॅन दाखवणारी कमांड) चालवून पाहा. शंभर ओळींच्या टेबलवर सराव करून उपयोग नाही. तिथे अख्खं टेबल वाचणंच स्वस्त पडतं, म्हणून प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) इंडेक्सला हात लावत नाही आणि शिकणारा गोंधळतो. प्लॅनमध्ये अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांची तुलना करा. अंदाज 10 आणि प्रत्यक्षात 80,000 असेल तर बहुधा टेबलची आकडेवारी जुनी झालीय. ती ताजी करणारी नुसती ॲनलाइझ कमांड चालवून पुन्हा बघा. लक्षात ठेवा, एक्स्प्लेन ॲनलाइझ क्वेरी खरोखर चालवतं. अपडेट किंवा डिलीट तपासताना आधी बिगिन, शेवटी रोलबॅक.

जोडइंडेक्समध्ये (एकाहून जास्त कॉलमचा इंडेक्स) बरोबरीच्या अटीचा कॉलम आधी, रेंजचा नंतर: ग्राहक आयडी, मग तारीख. आणि पोस्टग्रेस फॉरेन की असलेल्या कॉलमवर आपोआप इंडेक्स बनवत नाही. त्यामुळे मूळ टेबलमधली एक ओळ पुसायला अकारण वेळ लागतो.

खलबत्ता
वरच्याशी सहमत. माझी भर कनेक्शन पूलची (डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा), कारण लोड वाढला की पहिला फटका तिथे बसतो.

स्प्रिंग बूटमधल्या हिकारीचा पूल डीफॉल्ट 10 कनेक्शनचा. पोस्टग्रेसची मर्यादा डीफॉल्ट 100. सर्व्हिसच्या 12 प्रती चढवल्या की 120 लागतात, म्हणजे प्रती वाढवून सिस्टिम सुधारण्याऐवजी कनेक्शन नाकारली जाऊ लागतात.

याहून मोठी चूक म्हणजे ट्रान्झॅक्शनल मेथडच्या आतून बाहेरच्या सर्व्हिसला कॉल करणं. पेमेंटच्या कॉलला 3 सेकंद लागले तर तेवढा वेळ कनेक्शन अडकून राहतं. 10 कनेक्शनवर सेकंदाला जेमतेम तीन रिक्वेस्ट निघतात, बाकीच्या रांगेत. सीपीयू मात्र रिकामा दिसतो, म्हणून शोध भलतीकडेच सुरू होतो. कॉल ट्रान्झॅक्शनबाहेर काढा: आधी 'प्रलंबित' नोंद कमिट करा, मग कॉल, मग दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये निकाल लिहा.

कॉलला टाइमआउट लावलाच पाहिजे. बरेच एचटीटीपी क्लायंट तो स्वतःहून लावत नाहीत. टाइमआउट झाला म्हणजे समोर काम झालं नाही, असं मात्र मुळीच समजू नका. पैसे कापले गेले असू शकतात. म्हणून रीट्राय करताना प्रत्येक वेळी तीच आयडेम्पोटन्सी की (तेच काम दोनदा होऊ नये म्हणून रिक्वेस्टची ओळख) पाठवायची. आपणही अशा की स्वीकारत असू तर त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट हवा. 'आधी शोध, नसेल तर टाक' एवढ्यावर भागत नाही, दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या की दोघींनाही 'नाही' दिसतं.

रीट्राय एकाच थरात ठेवा. एकाखाली एक तीन थर आणि प्रत्येकात 3 प्रयत्न, म्हणजे आधीच दमलेल्या सर्व्हिसवर 27 कॉल.

हे पक्कं झालं की काफ्का सोपं जातं, कारण तिथेही एकच मेसेज दोनदा येऊ शकतो आणि उपाय हाच. कुबरनेटीसचं म्हणाल तर सध्या प्रोब (सर्व्हिस जिवंत आणि तयार आहे का याची तपासणी) आणि बंद होतानाचा 30 सेकंदांचा अवधी एवढं पुरे. लाइव्हनेस प्रोबमध्ये (फसला तर रीस्टार्ट करणारा) डेटाबेस तपासू नका. डेटाबेस मंदावला की सगळे पॉड (सर्व्हिसच्या प्रती) एकदम रीस्टार्ट होत राहतील. गो भाषा राहू द्या, कामात लागेल तेव्हा शिकाल.

कोरीपाटी
खूप आभार. एक अडचण: प्रॉडक्शनवर नवा इंडेक्स सुचवला की 'टेबल लॉक होईल' म्हणून नकार मिळतो.

अनुक्रमणिका
त्यांची भीती रास्त आहे. साधा क्रिएट इंडेक्स चालू असताना वाचन होतं, पण लिखाण थांबतं. क्रिएट इंडेक्स कन्करंटली वापरा. वेळ जास्त लागतो, लिखाण चालू राहतं. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशन टूलमध्ये (डेटाबेसमधले बदल चढवणारं) त्या फाइलपुरतं ट्रान्झॅक्शन बंद करा. मध्येच फसलं तर अवैध इंडेक्स मागे उरतो: वाचनाला निरुपयोगी, पण प्रत्येक लिखाणावर भार. तो ड्रॉप करून पुन्हा चालवा.

ऑल्टर टेबलचा धोका वेगळा. एखादी लांबलेली क्वेरी संपेपर्यंत ते थांबतं आणि त्याच्यामागे त्या टेबलवरच्या साध्या सिलेक्टचीही रांग लागते. लॉक टाइमआउट 2 सेकंद ठेवा, फसलं तर थोड्या वेळाने पुन्हा.

दीपमाळ
'स्कोप'बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वरचा इंडेक्सचाच प्रसंग घ्या. तोंडी सुचवलात तर नकार येणारच. त्याऐवजी दोन पानांचं टिपण लिहा: कोणती क्वेरी, तिचा पी99 (100 पैकी 99 रिक्वेस्ट ज्या वेळेत संपतात तो आकडा) किती (सरासरी देऊ नका, तिच्यात हळू रिक्वेस्ट लपतात), आताचा प्लॅन, इंडेक्सनंतर चाचणी डेटावरचा प्लॅन, दुसरा कोणता पर्याय पाहिला आणि का सोडला, कधी चढवणार, बिघडलं तर मागे कसं घेणार. मग वेगळ्या टीममधल्या एकाकडून ते तपासून घ्या.

तिकिटात नसलेला प्रश्न शोधणं, तो आकड्यांत मांडणं, इतरांना पटवणं आणि चढवल्यावर पुन्हा मोजणं, हे चारही तुमच्या नावावर असलं की स्कोप दिसतो. नुसती तिकिटं जास्त बंद करून दिसत नाही. मॅनेजरकडे पुढच्या पदाचे लेखी निकष मागा, आणि आधीचा-नंतरचा आकडा त्याच दिवशी नोंदवा. मेट्रिक्स ठरावीक काळाने पुसली जातात, सहा महिन्यांनी आलेख शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.