आभारी, ऋणी, कृतज्ञ की उतराई? लहानपणीच्या कार्टूनकर्त्यांसाठी नेमका शब्द

चर्चाप्रस्ताव

राम मोहन, युगो साको आणि कोइची सासाकी यांनी दिग्दर्शित केलेला 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' हा १९९२ सालचा भारतीय-जपानी चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याकडील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. लहानपणी दूरचित्रवाणीवर तो पाहिलेले अनेक जण या वेळी आपापल्या मुलांना घेऊन गेले होते. युगो साको २०१२ मध्ये आणि राम मोहन २०१९ मध्ये निवर्तले, त्यामुळे हे स्वागत पाहायला त्या दोघांपैकी कोणीही नव्हते. आमच्या वसाहतीच्या वार्षिक अंकासाठी या निमित्ताने मी एक टिपण लिहीत आहे. 'आम्ही या चित्रपटाच्या निर्मात्यांचे आभारी आहोत' हे त्याचे पहिले वाक्य वाचताना मात्र एखाद्या समारंभाच्या शेवटी ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार मानल्यासारखे वाटते. 'ऋणी' लिहावे तर शब्द जड होतो, आणि 'कृतज्ञ' हा भाषणांतून इतका झिजला आहे की त्यात काही उरले आहे की नाही, अशी शंका येते. तीस-पस्तीस वर्षे मनात राहिलेल्या आणि ज्यांच्यापर्यंत ती पोहोचण्याची शक्यता आता उरलेली नाही अशा माणसांविषयीच्या या भावनेला मराठीत कोणता शब्द योग्य ठरेल? आणि ज्यांच्याविषयी ती आहे त्यांना तरी काय म्हणावे: निर्माते, कर्ते, जनक की आणखी काही?

प्रतिसाद

'आभार' हा शब्द मराठीत नेहमी अनेकवचनी चालतो आणि त्याची क्रिया 'मानणे' ही आहे. आभार एकदा मानले की व्यवहार संपतो. कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शन शेवटी असते आणि ते चालू असतानाच श्रोते चपला शोधू लागतात, ते उगाच नाही. शिवाय ज्याचे आभार मानायचे तो समोर, निदान पत्राच्या टप्प्यात, असावा लागतो. 'ज्ञानेश्वरांचे आभार' असे आपण कधीच म्हणत नाही, 'ज्ञानेश्वरांचे ऋण' असे म्हणतो. दिवंगत चित्रकारांसाठी 'आभारी' खटकतो त्याचे कारण हेच आहे. शब्द हलका आहे असे नव्हे, तो समोरासमोरच्या प्रसंगाचा आहे.

'कृतज्ञ' झिजला आहे हे मान्य केले तरी त्याची फोड पाहावी. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. मनात चांगली भावना असणे एवढ्यावर हा शब्द भागत नाही, त्याला माहिती लागते. या कसोटीवर कार्टून पाहणारे मूल कृतज्ञ नसतेच, ते नुसते खूश असते. दूरदर्शनवर वर्षानुवर्षे लागणारा 'एक अनेक और एकता' हा छोटा अनुबोधपट आठवावा. धाकटा भाऊ ताईला 'अनेक' म्हणजे काय असे विचारतो. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक, अशी उत्तरे मिळत जातात. मग दाणे टिपायला उतरलेली पाखरे जाळ्यात सापडतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि शेवटी उंदीर ते जाळे कुरतडून त्यांना सोडवतात. हे सगळे आपल्याला तोंडपाठ होते. पण १९७४ सालचा हा पट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला, त्यातील चित्रे भीमसेन यांनी हलती केली, त्याला संगीत वसंत देसाई यांचे होते आणि त्यातला गोड आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगम यांचा होता, हे आपल्यापैकी किती जणांना तेव्हा ठाऊक होते? विजया मुळे मुंबईत जन्मल्या, सत्यजित राय यांच्याबरोबर त्यांनी १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभा केला आणि चित्रपटप्रेमी त्यांना 'अक्का' म्हणत. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा बातमी वाचून अनेकांनी 'अरे, ते यांनी केले होते!' असे उद्गार काढले. त्या उद्गारापासून माणूस कृतज्ञ होतो, त्याआधी नाही. म्हणून मी 'कृतज्ञ' या शब्दाच्या बाजूने मत देतो.

जाता जाता व्याकरण. आभारी आणि ऋणी या शब्दांना षष्ठी लागते: त्यांचा आभारी, त्यांचा ऋणी. 'त्यांचा कृतज्ञ' मात्र कानाला बरे वाटत नाही, तिथे 'त्यांच्याविषयी' किंवा 'त्यांच्याप्रति' हवे.

प्रतिसाद

फोड पटली, निष्कर्ष पटला नाही. कळल्यानंतरची भावना कृतज्ञतेची असेल, परंतु कळण्याआधीच्या पंचवीस वर्षांचे काय? माहिती नव्हती म्हणून मिळालेले काही कमी होत नाही. नकळत घेतलेल्यासाठी आपल्या परंपरेत शब्द आहे, आणि तो 'ऋण' हाच आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तिन्ही ऋणे माणसाच्या माथी जन्मापासूनच असतात, त्याने कोणापुढे हात पसरलेला नसतो. त्यातही ऋषिऋण फेडायचे ते ऋषींना काही परत देऊन नव्हे. अध्ययन करावे, म्हणजे ते फिटते. ज्यांनी दिले त्यांच्याकडे परतफेड जात नाही, आणि तरीही ती परतफेड मानली जाते. मुलांना घेऊन चित्रपटगृहात गेलेल्या पालकांचे वागणे मला या अर्थाच्या जवळचे वाटते.

प्रतिसाद

'ऋण' या शब्दाला माझा आक्षेप व्यावहारिक आहे. ऋणको आला की धनको आलाच. ही सर्व मंडळी पगारावर किंवा कंत्राटावर काम करत होती, त्यांनी आपल्याला काहीही उसने दिलेले नव्हते. 'उपकार' हा शब्द तर याहून वाईट, कारण त्यात देणारा वरच्या पायरीवर उभा राहतो, आणि 'उपकार केल्यासारखे' हा वाक्प्रचार तर सरळ नाराजीचाच आहे.

प्रतिसाद

भावनेच्या शब्दावर पुरेसे मंथन झाले आहे, पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मागे पडला आणि माझ्या मते अधिक घोटाळा तिथेच आहे. 'निर्माता' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ झाले आहेत. संस्कृतातून आलेला अर्थ घडवणारा असा आहे. चित्रपटसृष्टीत मात्र निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा आणि कामाची व्यवस्था पाहणारा गृहस्थ, आणि आज वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या डोक्यात हाच अर्थ आधी येतो. 'कार्टूनचे निर्माते' असे लिहिले की वाचक कोणाला नमस्कार करेल हे सांगता येत नाही.

याचे ठळक उदाहरण 'टॉम अँड जेरी'चे आहे. हे मांजर आणि उंदीर विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० मध्ये एमजीएम या स्टुडिओत जन्माला घातले. बार्बेरा प्रसंग रचत आणि त्यांची रेखाटने करत, तर हॅना यांचा हात वेळेच्या हिशेबावर, म्हणजे कढई डोक्यात नेमकी कोणत्या क्षणी आदळणार हे ठरवण्यावर बसलेला होता. पळापळीच्या प्रत्येक पावलाला सूर देणारे स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत होते. या मालिकेतील लघुपटांना सात ऑस्कर मिळाले, पण ते स्वीकारले विभागाचे निर्माते फ्रेड क्विम्बी यांनी, कारण त्या वर्गातला पुरस्कार निर्मात्याच्या नावे दिला जात असे. हॅना आणि बार्बेरा यांना मंचावर बोलावले गेले नाही. आमच्या पिढीतल्या मुलांना सुरुवातीच्या पाटीवरचे क्विम्बी यांचे नाव इतके पाठ होते की सगळी चित्रे हाच माणूस काढतो, असा आमच्यापैकी कित्येकांचा समज होता. मराठीत 'टॉम अँड जेरीच्या निर्मात्याविषयी कृतज्ञता' असे लिहिले तर शब्दार्थाने ती पुन्हा क्विम्बींच्याच पदरात पडेल. माझे क्विम्बींशी वैर नाही. व्यवस्था सांभाळणे हेही काम आहे आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे केले. पण प्रस्तावकाला जे म्हणायचे आहे ते हे नव्हे.

'जनक' हा शब्द वृत्तपत्रांना आवडतो. तो एकट्याचा शब्द आहे. राम मोहन यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात, आणि त्यांचे काम पाहता ते शोभतेही. परंतु त्यांची सुरुवात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमधील व्यंगपट विभागात झाली, तिथे १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते आणि त्या विभागात इतरही हात होते. कार्टून हे मुळातच अनेक हातांचे काम आहे. कोणी पात्र रचतो, कोणी हालचालीची मुख्य चित्रे काढतो, कोणी त्यांच्या मधली चित्रे भरतो, कोणी पारदर्शक पत्र्यांवर रंग लावतो. त्यामुळे 'कर्ते' हा अनेकवचनी शब्द मला सर्वांत स्वच्छ वाटतो. 'ग्रंथकर्ता' जसा रुळला तसा 'कार्टूनकर्ते' रुळायला हरकत नाही. 'व्यंगचित्रकार' टाळावा, कारण तो वर्तमानपत्रातल्या एकाच चौकटीच्या चित्राचा धनी आहे.

प्रतिसाद

अद्याप 'उतराई' या शब्दाकडे कोणी वळलेले नाही, याचे नवल वाटते. 'काय द्यावें त्यासी व्हावें उतराई । ठेवितां हा पायीं जीव थोडा' असे तुकोबा संतांच्या उपकारांविषयी म्हणतात. या शब्दाचा प्रयोग लक्ष देऊन पाहावा. 'उतराई होणे' मराठीत बहुधा प्रश्नार्थी किंवा नकारार्थी वाक्यातच येते: कसा उतराई होऊ, उतराई होता येणार नाही. 'मी काल उतराई झालो' असे सहसा कोणी म्हणत नाही. फिटणार नाही हे ठाऊक असताना फेडण्याची धडपड, असा त्याचा अर्थ होतो. (हिंदीत 'उतराई' म्हणजे नावाड्याचे भाडे. रामचरितमानसातला केवट तेच नाकारतो. तिकडे तो रोकडा शब्द आहे, आपल्याकडे तो थेट जिवापर्यंत गेला.)

मोठ्या झालेल्या चाहत्यांच्या वागण्याचे वर्णन मला याच शब्दाने नेमके होते असे वाटते. 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा १ मार्च २०२४ रोजी निवर्तले. काही दिवसांनी अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आइरेस शहरात ओबेलिस्क या उंच स्मारकस्तंभाच्या परिसरात चाहते जमले आणि त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे उंचावले. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: कथेतला गोकू जेव्हा एकट्याच्या बळावर जिंकू शकत नाही, तेव्हा तो जगातल्या सर्वांना हात वर करून आपापली थोडी शक्ती देण्याची विनंती करतो. तिशी-चाळिशीतली, नोकरीधंद्याची माणसे भर चौकात तळहात वर करून उभी राहिली, ती त्या कथेच्या कर्त्याला आपली शक्ती देण्यासाठी. घेणारा हयात नाही हे त्यांना ठाऊक होतेच. याला आभार म्हणता येणार नाही, आणि निव्वळ शोकही म्हणता येणार नाही.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला आहे. 'स्पंजबॉब' या कार्टून मालिकेचे कर्ते स्टीफन हिलेनबर्ग आधी कॅलिफोर्नियात सागरी जीवशास्त्राचे शिक्षक होते, आणि समुद्रतळाची ती सगळी अतरंगी वस्ती त्यांच्या त्या ज्ञानातूनच आली. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाल्यावर, मालिकेतील एक गाणे २०१९ मधल्या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात वाजवावे, अशा अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. प्रत्यक्षात मध्यंतरात त्या पात्रांची क्षणभर झलक दिसली आणि गाणे वाजलेच नाही. चाहते चिडले. उतराई होण्याची धडपड अपुरी पडण्याचे याहून शब्दश: उदाहरण मला ठाऊक नाही.

वर ऋणाला व्यावहारिक म्हणून नाकारण्यात आले आहे, पण पैशाचेही वावडे असू नये. १८ जुलै २०१९ रोजी जपानमधील क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओला आग लावण्यात आली आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जगभरच्या चाहत्यांनी पाठवलेली मदत तीन अब्ज येनच्या वर गेली. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक कार्यकर्त्यांसाठी उभारलेल्या निधीचे नाव 'सामाजिक कृतज्ञता निधी' असे आहे. कृतज्ञतेचा निधी होऊ शकतो हे मराठीला नवे नाही.

प्रतिसाद

वरील उदाहरणांत एक गोष्ट सुटते आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकांना बहुतेक कार्टुने दोनदा घडून मिळाली. 'जंगल बुक' ही ५२ भागांची मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, तिचे दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. आपल्याला ती हिंदीत भेटली. तिच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा. रविवारी सकाळी ते गीत लागले की घरातले इतर आवाज बंद होत. आज त्या मालिकेविषयी जिव्हाळ्याने लिहिणारा मराठी लेखक गुलजारांचे नाव हमखास घेतो, पाटेकरांचेही घेतो, आणि कुरोकावांचे घेत नाही. येथे वरची 'कृत' आणि 'ज्ञ' ही फोड अडचणीत येते, कारण जाणणे अर्धेच झालेले असते. 'एकाविषयी कृतज्ञ आणि दुसऱ्याचा ऋणी' अशी वाटणी भाषेत शक्य आहे आणि ती खरीही ठरेल: ज्याचे नाव ठाऊक आहे त्याच्याविषयी कृतज्ञ, ज्याचे ठाऊक नाही त्याचा ऋणी. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आले तर ती पुनरुक्ती मानू नये.

वार्षिक अंकातील टिपणाबद्दल एवढेच सुचवतो की शब्द कोणताही निवडला तरी तो 'या चित्रपटाशी संबंधित सर्वांचे' अशा घाऊक षष्ठीला जोडू नये. श्रेयनामावली हा चांगला मराठी शब्द आपल्याकडे आहे, तिच्यातून जितकी नावे मिळतील तितकी टिपणातच द्यावीत. तीन दिग्दर्शकांची नावे प्रस्तावात आलीच आहेत. त्यांच्याखाली चित्रकारांची नावे देताना जपानी उच्चार देवनागरीत कसे लिहायचे, हा प्रश्न येईल. दीर्घ 'ओ'साठी आपल्याकडे वेगळे चिन्ह नाही. तेव्हा नाव जसे ऐकू येते तसे लिहावे आणि संपूर्ण टिपणात एकच लेखन ठेवावे.