अनुभव धागा : कसबा पेठेतले सण आणि रोजचे दिवस

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, कसबा गणपतीचा सार्वजनिक उत्सव १८९३ पासून सुरू आहे, ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते. परंतु वाड्याच्या चौकातल्या नळाला पाणी किती वाजता यायचे, मंडपाचे बांबू वर्षभर कोणाच्या ओसरीवर पडून असायचे आणि मिरवणुकीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना दुपारचे जेवण कोण नेऊन द्यायचे, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांतले बरेच जण आता पेठेबाहेर राहायला गेले आहेत. म्हणून हा धागा.

माझा जन्म फडके हौदाजवळचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून भुयारी नळाने शहरात पाणी आणले गेले आणि पेठांमधल्या हौदांत ते खेळवले गेले. आमचा चौक अशाच एका हौदाच्या नावाने ओळखला जातो. लहानपणापासून एक गोष्ट मी सतत पाहत आलो. आमच्याकडे सण करणारे हात आणि रोजची कामे करणारे हात निराळे नव्हते. एरवी सायकलींची पंक्चरे काढणारा माणूस गणपतीत मंडपाची वायरिंग करायचा आणि शाळेत शिपाई असलेले गृहस्थ आरतीला टाळ धरायचे. तुमच्या आठवणी शक्यतो या अंगाने लिहाव्यात, अशी विनंती आहे. ऐकीव आख्यायिका नकोत, स्वतः पाहिलेले हवे. कसब्याच्या शेजारच्या पेठांतल्या मंडळींनीही लिहावे.

तांबट आळीतून

धागा निघालाच आहे तर सुरुवात मी करतो, कारण पेठेतल्या आवाजांविषयी बोलायचे तर आमच्या आळीपासूनच बोलावे लागेल. आमचे पूर्वज पेशवाईत कोकणातून इथे आले, असे आमच्या समाजात सांगतात. माझे आजोबा, वडील आणि मी असे तिघेही याच ओट्यावर बसून बंब, घंगाळी, हंडे आणि तपेली घडवत आलो.

बाहेरच्या माणसाला वाटते की भांड्यावरचे ते चमकणारे गोल ठसे शोभेसाठी असतात. तसे नाही. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल होईपर्यंत तापवला की मऊ पडतो, मग त्याला आकार देता येतो. पण मऊ तांबे घरात वापरायला दिले तर पहिल्याच धक्क्याला पोचा पडेल. भांडे लोखंडी दांड्यावर चढवून हातोडीने एकसारखे ठोके देत गेले की धातू कडक होतो. यालाच मठारणे म्हणतात. ठोके ओळीत पडावे लागतात, एकावर एक पडता कामा नयेत आणि दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागाही राहता कामा नये. डोळा भांड्यावर असतो, पण काम बिघडले की आधी कानाला कळते. वडील आत जेवत असले तरी माझा ठोका चुकला की तिथूनच हाक मारायचे.

आता उत्सवाविषयी. गणपतीच्या महिनाभर आधी आमच्याकडे ताशे दुरुस्तीला यायचे. वर्षभर माळ्यावर पडून ताशाच्या भांड्याच्या कडा दबलेल्या असत आणि कडा सरळ नसेल तर पान नीट ताणले जात नाही. या कामाचे पैसे वडिलांनी ओळखीच्या मंडळांकडून कधी घेतले नाहीत. मिरवणुकीत आपण ठोकलेल्या ताशाचा आवाज कोणता हे त्यांना ओळखू येते, असे ते म्हणत, आणि लक्ष्मी रस्त्यावर उभे असताना त्यांनी एकदा मला तो खरोखर दाखवून दिला होता. आळीत कोणी वारले तर त्या दिवशी एकही हातोडी उचलली जात नसे. आजूबाजूच्या गल्ल्यांना बातमी कळायची ती त्या शांततेवरूनच.

कुंभारवाड्यातून, वय ७३

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही गेले. आमचा वाडा नदीच्या काठाचा, त्यामुळे पाणी काय असते हे आम्हाला दर पावसाळ्यात माहीत असायचे. पाणी पहिल्या पायरीला लागले की कच्ची मडकी माळ्यावर चढवायची, एवढी सवय सगळ्यांना होती. त्या दिवशीही आईने आधी मडकीच उचलायला घेतली. माळासुद्धा पाण्याखाली जाईल, असे कोणाच्या मनातही आले नाही. शेवटी वडिलांनी तिच्या हातातले मडके खाली ठेवायला लावले आणि आम्ही सगळे पेठेच्या वरच्या अंगाला पळालो.

ज्या वाड्यात आम्हाला आसरा मिळाला तिथे त्या रात्री आमच्यासारखी सहा-सात कुटुंबे होती. धरणे गेल्यामुळे नळाला पाणी नव्हते, दिवे नव्हते. मग बंद पडलेल्या आडांवरची झाकणे काढली गेली, दोर आणले गेले आणि पाण्याच्या पाळ्या लागल्या. पुढे आम्ही परत आलो तेव्हा भिंतींच्या जागी गाळ होता, चाक अर्धे गाळात रुतले होते आणि घरात पाणी प्यायला एकही भांडे उरले नव्हते. तांबट आळीतल्या एका कुटुंबाने आम्हाला एक कळशी आणि दोन तांबे दिले. ती कळशी आजही माझ्याकडे आहे, तिच्या गळ्यापाशी दोन ठिकाणी डाग दिलेला आहे.

दोन महिन्यांनी गणपती आले, पण आमच्या वाड्यात त्या वर्षी मूर्ती बसली की नाही, हे मला आता नीट आठवत नाही. आठवते ती दिवाळी. पुराने आणून टाकलेला गाळ वडिलांनी अंगणातच साठवून ठेवला होता. त्याच मातीच्या त्यांनी पणत्या केल्या. माती पुरेशी चाळलेली नव्हती, तिच्यात खडे होते, त्यामुळे भट्टीतून निघाल्या तेव्हा निम्म्याहून अधिक पणत्या तडकलेल्या होत्या. ज्या नीट निघाल्या त्या वडिलांनी विकल्या नाहीत. ज्या वाड्यात आम्ही राहिलो होतो तिथे त्या नेऊन दिल्या.

याच धाग्यावर, पूर्वी कसब्यात आणि आता बेंगळुरूला असलेल्या एकाकडून

कुंभारवाड्यातल्या काकांनी दिवाळीचा विषय काढलाच आहे, तर किल्ल्यांविषयी लिहितो. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी वाड्याच्या चौकात विटा, दगड आणि गोणपाट गोळा व्हायचे. माती कालवायची, उतारावर हळीव पेरायचे आणि दिवाळीपर्यंत ते उगवावे म्हणून रोज पाणी शिंपडायचे. मावळे आणायला कुंभारवाड्यात जायचे. तिथल्या मावशी ओल्या रंगाचे मावळे हातात देत नसत. दुसऱ्या दिवशी या, असे सांगून परत पाठवत. शिवाजी महाराजांची सिंहासनावर बसलेली मूर्ती एकच घ्यायची आणि ती जपून ठेवायची, असा आमचा नियम होता. ती मूर्ती आमच्या टोळीतल्या ज्या मुलाकडे वर्षभर राहायची, त्याच्या घरी पुढच्या दिवाळीपर्यंत आम्हा सर्वांचे येणेजाणे व्हायचे. इथे सोसायटीतल्या मुलांना मी गेल्या वर्षी किल्ला करून दाखवला. हळीव मिळाले, माती मात्र विकत आणावी लागली.

कसबा गणपतीजवळून

आमच्या घरात आजवर झालेल्या प्रत्येक लग्नाची पहिली अक्षत ग्रामदैवताला ठेवली गेली आहे. लग्नसराईत सकाळी देवळात गेले की पत्रिकांचा गठ्ठा हातात घेऊन उभी असलेली माणसे दिसतात. हडपसरहून, पिंपरीहूनही येतात. माझ्या सासूबाई रोज दर्शनाला जात असत आणि परत येताना कोणत्या घरात कार्य निघाले आहे, याची बातमी घेऊन येत. त्या बातमीवरून आमच्याकडचे मोठे पातेले, परात आणि झारे कोणाकडे जायचे ते आधीच ठरून जायचे. भांडी मागायला कोणी येण्याची वाट त्यांनी कधी पाहिली नाही.

रविवार पेठेतून, कल्हईचे काम केलेल्या कुटुंबातून

वर भांड्यांचा उल्लेख आला म्हणून लिहावेसे वाटले. माझे वालिद आणि चाचा पेठांमधून फिरून कल्हई करत असत. गौरी-गणपतीच्या आधीचे दोन आठवडे आमच्या धंद्याचे खरे दिवस. कसब्यातल्या एका मोठ्या वाड्यात चाचा चौकात खड्डा करून भाता लावायचे आणि वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची भांडी तिथे येऊन पडायची. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी आतून फिरवायची आणि कापसाने झरझर पुसून काढायचे. क्षणात पितळेची चांदी होते. भोवती बसलेली मुले दर वेळी तितकीच चकित व्हायची.

त्या वाड्यातल्या एका आजींनी चाचांना पहिल्याच वर्षी सांगून ठेवले होते की गणपतीच्या नैवेद्याचे पातेले सर्वांत शेवटी करायचे, कारण तोवर हात बसलेला असतो आणि कल्हई जाड होते. चाचांनी ते अखेरपर्यंत पाळले. स्टेनलेस स्टील आले तसे हे काम सरले. मी स्वतः दुचाकी दुरुस्तीचे दुकान चालवतो. चाचांचा भाता अजून घरी आहे. चामडे फाटले आहे, ते बदलून घ्यायचे मनात आहे.

मंडळाचा कार्यकर्ता, कसबा पेठ

सगळ्यांनी जुने लिहिले, मी जवळचे लिहितो. २०२० साली मिरवणूक निघाली नाही. मानाच्या पाचही गणपतींचे विसर्जन मांडवातच हौदात झाले. एरवी सकाळी मंडईपाशी टिळक पुतळ्याजवळ पूजा होते, कसबा गणपतीची चांदीची पालखी सर्वांत पुढे निघते आणि शेवटचे मंडळ नदीवर पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून पुढे गेलेला असतो. त्या वर्षी लक्ष्मी रस्ता मोकळा होता. मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा विसर्जनाच्या दिवशी दुपारी घरी जेवलो.

पण ज्या गोष्टीसाठी हा अनुभव लिहितो आहे ती निराळी. आमच्या मंडळात वर्गणीच्या वह्या आहेत. त्यात कोणत्या घरात कोण राहते, वयस्कर कोण, एकटे कोण, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. एप्रिल २०२० मध्ये पेठा बंद झाल्या तेव्हा त्याच वह्या घेऊन आम्ही घरोघरी दूध, औषधे आणि किराणा पोहोचवला. उत्सवाच्या नावाने वर्गणी गोळा करणाऱ्यांना पुष्कळ बोलणी खावी लागतात आणि त्यातली काही रास्तही असतात. आवाजाच्या भिंतींविषयी वृद्धांची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे आणि आमच्या मंडळाने त्या लावणे थांबवले, याचे मला समाधान आहे. तरीही ती वही नसती तर तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या काकूंना रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, हे आम्हाला कळले नसते.

सदाशिव पेठेतून

भोंडल्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. आमच्या वाड्यात एका वहिनींची खिरापत कधीही कोणाला ओळखता आली नाही. डबा हलवून आवाज येऊ नये म्हणून त्या त्यात फडके कोंबत असत, हे आम्हाला फार उशिरा कळले.

पूर्वी फडके हौदाजवळ, आता धायरी

भुयारी मेट्रोच्या स्थानकासाठी ज्यांची घरे गेली त्यांतले एक आमचे. मोबदला आणि पर्यायी जागा यांवरून आमच्या घरात जे काही मनस्ताप झाले ते इथे मांडत नाही. शहराला मेट्रो हवी होती, हे मलाही पटते. पण घर सोडायच्या दिवशी सासऱ्यांनी देवघरातले देव ताम्हनात घेतले आणि वाड्याच्या दिंडी दरवाजापाशी ते बराच वेळ उभे राहिले. ‘दार लावून घ्या,’ असे ते बाहेर पडताना सवयीने म्हणाले. मागे घरात कोणीच नव्हते.

सप्टेंबर २०२४ अखेरीस ती मार्गिका सुरू झाली. महिन्याभराने मी मुलीला घेऊन स्वारगेटहून बसले आणि कसबा पेठ स्थानकाला उतरले. सरकता जिना चढून वर आल्यावर कोणत्या बाजूला तोंड करून उभी आहे, हेच मला समजेना. मुलीने विचारले, ‘आई, आपला ओटा कुठे होता?’ मी दोन ठिकाणे दाखवली आणि दोन्हींविषयी माझी खात्री नव्हती. नंतर पूर्वीच्या शेजारणीकडे गेले. तिने चहा ठेवला आणि काही न विचारता माझ्यापुढे निवडायची मेथी आणून ठेवली, जशी पूर्वी दुपारी ठेवायची. तेवढ्याने मला बरे वाटले.

तांबट आळीतल्या काकांना एक विचारायचे आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमच्या आळीतले ठोके ऐकू यायचे. ते थांबले की दुपारच्या जेवणाची वेळ झाली, असे आम्ही समजायचो, घड्याळ पाहायचो नाही. त्या दिवशी मी रविवारी आले होते, त्यामुळे काही ऐकू आले नाही. आता किती जण बसतात?

तांबट आळीतून

ताई, पूर्वी जिथे घरटी एक भट्टी होती तिथे आता हाताने मठारणारे मोजकेच आहेत. बंब कोणी घेत नाही, पण पाण्याच्या तांब्यांना आणि दिव्यांना मागणी आहे. माझा पुतण्या शिकून परत ओट्यावर बसला आहे. त्याचा ठोका अजून थोडा जड पडतो, तो मी आतून सांगत असतो. सकाळी नऊला सुरू होतो. साडेबाराला जेवायला थांबतो आणि दोनला पुन्हा बसतो. आठवड्यातल्या कुठल्याही इतर दिवशी या.