मदत हवी आहे : फार्माकोलॉजी पाठ आहे पण पेशंटसमोर एक शब्द सुचत नाही (बीएस्सी नर्सिंग, चौथं सेम)

साक्रीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी धुळे जिल्ह्यातली, बीएस्सी नर्सिंग चौथं सेमिस्टर. फार्माकोलॉजी तिसऱ्या सेमपासून चालू आहे आणि डेफिनेशन माझ्या सगळ्या पाठ आहेत, म्हणजे फार्माकोकायनेटिक्स म्हणजे शरीर औषधाचं काय करतं आणि फार्माकोडायनॅमिक्स म्हणजे औषध शरीरावर काय करतं हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन, अॅब्सॉर्प्शन डिस्ट्रिब्युशन मेटाबॉलिझम एक्सक्रीशन हे पण क्रमाने सांगेन. पण वॉर्डात गेलं की त्यातलं काहीच हाताशी येत नाही.

या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या त्या सांगते म्हणजे अडचण कळेल.

पहिली म्हणजे मेल मेडिसिनला एक दादा अॅडमिट झाले, कापसावर फवारणी करताना विषबाधा, सोबत आणलेल्या बाटलीवर प्रोफेनोफॉस लिहिलेलं. तोंडातून फेस, घामाने अंथरूण ओलं, डोळ्याच्या बाहुल्या एकदम टाचणीएवढ्या. डॉक्टरांनी त्यावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन सांगितलं आणि सिस्टर अँप्यूल फोडत गेल्या, आधी तीन, पाच मिनिटांनी सहा, मग बारा. मला वाटलं ऐकण्यात चूक होतेय, म्हणून मी हळूच विचारलं की एवढं कसं देतात. त्या म्हणाल्या अॅट्रोपिन अॅगोनिस्ट की अँटॅगोनिस्ट? मी लगेच म्हटलं अँटॅगोनिस्ट. मग एवढं का लागतंय ते तूच सांग. मी गप्प.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. छातीत दुखणारे एक बाबा होते, ७० च्या आसपासचे, त्यांना आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट जिभेखाली ठेवायला दिली. त्यांनी मला विचारलं, "बेटी, जिभना खाले काब्र ठेवानी? गिळी टाकू का?" आमच्या घरात पण अहिराणीच बोलतात, म्हणजे माझ्याच बोलीत विचारलं त्यांनी, आणि मी फक्त डॉक्टरांनी सांगितलंय एवढंच म्हणू शकले. वहीत फर्स्ट पास मेटाबॉलिझमवर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे माझ्या. त्या बाबांना सांगता येईल असं त्यातलं एक वाक्य नाही.

तर मला हे हवंय:
फर्स्ट पास असं समजावून सांगा की मी कोणालाही सांगू शकेन.
अॅट्रोपिन इतकं का लागतं.
हाफ लाइफ. मी असं समजते की पॅरासिटामॉलची हाफ लाइफ २ ते ३ तास, म्हणजे दोन हाफ लाइफ झाल्या की ४ ते ६ तासांत औषध संपलं, म्हणून सहा तासांनी परत देतात. मैत्रीण म्हणते चूक आहे पण बरोबर काय ते तिलाही सांगता येत नाही.

गाइडची नावं नका सुचवू प्लीज, घरात तीन पडलेत.

भुसावळ_स्टाफनर्स

बेटा तुझी पोस्ट दोनदा वाचली. माझी २२ वर्षं झाली नोकरीला, आणि पहिली दोन वर्षं मी पण डॉक्टरांनी सांगितलंय हेच म्हणायचे पेशंटला. आता एकेक घेते.

फर्स्ट पास. तू भुसावळ जंक्शन बघितलंच असशील. समज की या लाइनीवर गाडी कुठूनही येवो, भुसावळला थांबल्याशिवाय पुढे जात नाही आणि थांबली की निम्मे प्रवासी इथेच उतरतात. लिव्हर म्हणजे ते भुसावळ. गिळलेली गोळी आतड्यातून रक्तात शिरते पण ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही, पोर्टल व्हेनने आधी लिव्हरला जातं, आणि लिव्हर त्या औषधाचा मोठा हिस्सा तिथेच मोडून टाकतं. जे उरतं तेवढंच पुढे शरीराला मिळतं, त्या उरलेल्या हिश्श्याला बायोअव्हेलेबिलिटी म्हणायचं. आता जिभेखालच्या शिरा लिव्हरच्या वाटेला जातच नाहीत, त्या वरून सुपीरियर व्हेना कावा या मोठ्या शिरेतून सरळ हृदयात जातात. म्हणून बाबांना सांगायचं, बाबा गिळली तर औषध आधी लिव्हरमध्ये जाईल, तिथं बरंचसं वाया जाईल आणि वेळही लागेल, जिभेखाली ठेवली तर दोन-चार मिनिटांत हृदयापर्यंत पोचेल. हे अहिराणीत तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील.

आणि परीक्षेत उदाहरण लिहायचं असेल तर प्रोप्रॅनोलॉल लिही. तोंडाने ४० मिलिग्रॅमची गोळी देतात आणि शिरेतून १ मिलिग्रॅम हळूहळू. तेच औषध, पण एवढा फरक, कारण मधे लिव्हर आहे. म्हणून ऑर्डरमध्ये रूट, म्हणजे औषध तोंडाने की शिरेतून, खोडलेला किंवा अस्पष्ट असेल तर अंदाजाने कधीच द्यायचं नाही, जाऊन विचारायचं, कोणी रागावलं तरी विचारायचं.

ती गोळी दिल्यावर बाबांना बसवून किंवा पडवून ठेवायचं हे विसरू नको, बीपी उतरतं, लगेच उठून बाथरूमला निघाले तर चक्कर येऊन पडतील. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी, नाहीतर गोळी विरघळतच नाही.

आता अॅट्रोपिन. शनिवारच्या बाजाराची एसटी डोळ्यासमोर आण. सीट म्हणजे रिसेप्टर. जो प्रवासी सीटवर बसतो आणि कामाला लागतो तो अॅगोनिस्ट. अँटॅगोनिस्ट म्हणजे खिडकीतून टाकलेला रुमाल, तो स्वतः काही करत नाही पण सीट अडवतो. आपल्या शरीरात अॅसिटिलकोलिन नावाचा प्रवासी आहे, तो बसला की लाळ, घाम, छातीत स्राव, नाडी कमी, बाहुली बारीक. एरवी कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला लगेच उतरवतं. फवारणीचं हे ऑर्गॅनोफॉस्फरस औषध त्या एन्झाइमलाच बांधून ठेवतं, उतरवणारं कोणी नाही, मग गर्दी वाढतच जाते. तेवढ्या गर्दीत दोन रुमाल टाकून काय होणार, ते लोक रुमाल सरकवून बसतात. याला कॉम्पिटिटिव्ह म्हणतात, दोघं एकाच सीटसाठी भांडतात आणि ज्याची संख्या जास्त त्याचं चालतं. म्हणून रुमाल वाढवत जायचे. आपल्याकडे अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची येते, तीन म्हणजे १.८, मग ३.६, मग ७.२, दर पाच मिनिटाला दुप्पट. तुझ्या सिस्टर एकदम बरोबर करत होत्या.

थांबायचं कधी ते बघणं आपलं काम आहे. छाती स्टेथोने स्वच्छ ऐकू येते का, काख कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर, सिस्टोलिक बीपी ८० च्या वर. फक्त बाहुलीवर जाऊ नको, ती उशिरा मोठी होते. आणि जास्त झालं तर ते पण ओळखता आलं पाहिजे, पेशंट बडबडतो, हवेत काहीतरी पकडतो, लघवी अडकते, पोटात आवाज येत नाही, अंग तापतं कारण घाम बंद झालेला असतो. आपल्याकडच्या गरमीत तो ताप लवकर चढतो, जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला जातो तेव्हा तर मी दर तासाला टेंपरेचर घ्यायचे.

अजून एक, आणि हे खूप महत्त्वाचं. अॅट्रोपिनचे रुमाल फक्त मस्कॅरिनिक सीटवर चालतात, म्हणजे लाळ, घाम, छातीतला स्राव, नाडी यांच्या. स्नायूंकडे निकोटिनिक सीट आहेत, तिथं अॅट्रोपिनचा काही उपयोग नाही. म्हणून छाती कोरडी झाली, पेशंट बोलायला लागला, सगळे खूश झाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान लुळी पडून श्वास थांबला असं मी डोळ्याने बघितलंय. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, साधारण २४ ते ९६ तासांत येतो. प्रत्येक राउंडला त्या दादांना उशीवरून मान उचलायला सांग. उचलता आली नाही तर दुसऱ्या मिनिटाला डॉक्टरांना बोलव.

अमळनेर_मेडिकलवाला

ताईंनी मस्त सांगितलं. हाफ लाइफ मी घेतो.

हाफ लाइफमध्ये जे आहे त्याचं निम्मं होतं, निम्मं निम्मं करून दोन वेळात संपत नाही. १०० असेल तर ५०, मग २५, मग १२.५, मग ६ च्या आसपास, मग ३. म्हणजे पाच हाफ लाइफ झाल्या की जवळजवळ गेलं असं धरतात. तुझं पॅरासिटामॉल सहा तासांनी थोडं शिल्लक असतंच, संपलेलं नसतं, त्याच्यावरच पुढचा डोस पडतो. म्हणून मधेच ताप आला की घरचे दोन दोन तासांनी गोळी देतात तेव्हा ते साठत जातं, हे काउंटरवर रोज सांगावं लागतं.

उलटं पण तसंच. रोज ठरलेला डोस चालू केला तर रक्तात पातळी स्थिर व्हायला पण चार-पाच हाफ लाइफ लागतात. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची हाफ लाइफ साधारण ३६ ते ४८ तास, म्हणजे पातळी बसायला आठवडा, आणि वाढली तर उतरायला पण दिवस लागतात. वयस्कर माणसाची किडनी कमजोर असेल तर अजून जास्त, कारण ते किडनीतूनच बाहेर जातं.

आणि मेटाबॉलिझमवर एक माझ्याकडून. टीबीच्या पेशंटला रिफॅम्पिसिन चालू असतं, लघवी लालसर-नारिंगी होते ते सगळे सांगतात. पण रिफॅम्पिसिन लिव्हरचे एन्झाइम वाढवतं, म्हणजे भुसावळला उतरवून घेणारी माणसंच वाढली समजा, त्यामुळे दुसरी औषधं लवकर मोडतात. त्यात गर्भनिरोधक गोळ्या पण आल्या, माला-एन सुद्धा. बाई नियमित गोळी घेते आणि तरी दिवस जातात. टीबी झालेल्या बाईला हे कोणीतरी बाजूला घेऊन विचारलं पाहिजे आणि ती गोष्ट ती माझ्या काउंटरवर पाच माणसांसमोर सांगत नाही, सिस्टरला सांगते.

शहादा_जीएनएम

मी पण विचारू का इथेच, लोडिंग डोस काय असतो, आमच्याकडे लेबर रूमला मॅग्नेशियम सल्फेट देतात तेव्हा पहिल्यांदा एकदम भरपूर आणि नंतर कमी कमी.

भुसावळ_स्टाफनर्स

तेच तर, भाऊंनी सांगितलं ना की पातळी बसायला वेळ लागतो. एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून, बाईला फिट येतेय, तेवढा वेळ कुठे आहे. म्हणून टाकी एकदम भरायची, तो लोडिंग डोस, ४ ग्रॅम शिरेतून हळू आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, एकूण १४. नंतर जेवढं लघवीतून जाईल तेवढंच परत भरत राहायचं, ४ तासांनी ५ ग्रॅम, तो मेंटेनन्स. आता हे औषध जातं फक्त लघवीतून. लघवी कमी झाली आणि आपण भरतच राहिलो तर काय होईल? म्हणून प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी, गुडघ्याचा झटका (नी जर्क, हातोडीने ठोकल्यावर पाय उडतो तो) येतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी तासाला ३० मिली तरी आहे का. गुडघ्याचा झटका सगळ्यात आधी जातो, श्वास नंतर. एक जरी नाही तरी डोस थांबवून डॉक्टरांना सांग, आणि त्यावरचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट आधीच ट्रेमध्ये काढून ठेव, शोधायला लागू नये.

थेरप्युटिक इंडेक्स म्हणतात ना पुस्तकात, तो हाच. गुणाचा डोस आणि घाताचा डोस यात किती जागा आहे. मॅग्नेशियम, डिगॉक्सिन, लिथियम यांत जागा फार थोडी.

साक्रीची_लेक

ताई, भाऊ, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. भुसावळचं वाचल्यावर पोर्टल व्हेनची आकृती पहिल्यांदा अर्थासकट काढली. आता मी स्वतः एक औषध लिहून बघते, चूक असेल तर सांगा.

डिगॉक्सिन. हृदयाचं आकुंचन जोरात करतं पण ठोके कमी करतं. हाफ लाइफ लांब, बाहेर किडनीतून, जागा थोडी. म्हणून देण्याआधी मनगटावर नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची, ६० च्या खाली असेल तर द्यायचं नाही आणि कळवायचं. मळमळ, जेवण नको वाटणं, पिवळं दिसणं ही जास्त झाल्याची लक्षणं.

भुसावळ_स्टाफनर्स

बाकी सगळं बरोबर, नाडी चुकली. मनगटावर नाही, स्टेथो छातीवर ठेवून एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकावर, आणि पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. अशा पेशंटचे ठोके अनियमित असतात, काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, अर्ध्या मिनिटाची दुप्पट केली तर आकडा खोटा येतो. आणि सोबत फ्रुसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, चालू आहे का बघ. ते लघवीतून पोटॅशियम घालवतं, आणि पोटॅशियम कमी झालं की तोच डिगॉक्सिनचा डोस विषारी ठरतो. पोटॅशियमचा रिपोर्ट फाइलला लागलाय का, नसेल तर राउंडला विचार.

असंच लिहीत जा. एक औषध, कुठून जातं, कुठे मोडतं, कुठून बाहेर पडतं, आणि दिल्यावर मी काय बघणार. रोज वॉर्डातली दोनच घे, चार्टवरची, समोर पेशंट असलेली.

साक्रीची_लेक

नाडीचं लक्षात आलं, वहीत लाल पेनाने लिहिलं.

आज सकाळची ड्युटी होती. बाबांच्या कॉटपाशी जाऊन बसले आणि त्यांना जिभेखालच्या गोळीचं सगळं आपल्या बोलीत सांगितलं, त्यांनी शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना लगेच तसंच्या तसं सांगितलं.

फवारणीवाल्या दादांना आज तिसरा दिवस. सकाळी आठला उशीवरून मान उचलायला सांगितली, उचलली, पाच आकडे मोजेपर्यंत धरली. दहाला परत, बाराला परत. तिन्ही वेळा उचलली. चार्टवर वेळ टाकून लिहिलं आणि दुपारच्या सिस्टरला हँडओव्हरमध्ये सांगून आले की दोन तासांनी बघा.